खंड, भाडं आणि ताबा : घरमालक होऊ निघालेल्या तरुणांसाठी नगर जिल्ह्याचा थोडा इतिहास



गेल्या काही वर्षांत बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर एक नवाच विषय निघू लागला आहे. कोणी शिक्षक झालेला असतो, कोणी महावितरणमध्ये लागलेला, कोणी सुप्याच्या एमआयडीसीत कायम झालेला. घरातली पहिली पगाराची पिढी. आणि बोलणं असं : "सावेडीला नाहीतर केडगावला एक फ्लॅट घेऊन टाकतो. भाड्याने दिला की हप्ता भाडेकरूच भरणार. आपण नुसतं बसायचं." मोबाइलवर रोज कोणीतरी हेच सांगत असतो, झोपेतही पैसा येतो म्हणून. मग आमच्यातलाच एखादा जुना कार्यकर्ता कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "झाले भांडवलदार!"

मला या दोन्ही बाजू पटत नाहीत. मालमत्ता करणं हा आपल्यासाठी गुन्हा नाही. ज्यांना गावकुसाबाहेरची जागाही स्वतःची म्हणता येत नव्हती, त्यांच्या नातवाने घर घेतलं तर त्याला टोमणे मारण्याचं कारण नाही. पण भाड्याचं उत्पन्न म्हणजे बसून खाणं, हा समज त्याहून घातक आहे. तो समज पुसायला मुंबई-पुण्याची उदाहरणं शोधायचीही गरज नाही. आपल्या नगर जिल्ह्याइतका (आता अहिल्यानगर) या विषयाचा धडा महाराष्ट्रात क्वचितच कुठे मिळेल. फक्त तो घरांचा नाही, जमिनीचा आहे, आणि आपण त्याकडे 'गुंतवणूक' म्हणून कधी पाहिलं नाही.

सुरुवात श्रीरामपूर-कोपरगाव पट्ट्यापासून करू. गेल्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीचे कालवे आले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, आणि कोरडवाहू जमिनीवर ऊस दिसू लागला. पाठोपाठ खाजगी साखर कारखाने आले. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स, साकरवाडी-लक्ष्मीवाडीला गोदावरी शुगर मिल्स, पुणतांब्याजवळ चांगदेवनगर. कारखान्यांना सलग ऊसमळे हवे होते. शेतकऱ्याजवळ जमीन होती, पण कालव्याच्या उसाला लागणारं भांडवल नव्हतं. त्यामुळे हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी लांब मुदतीच्या करारांनी कंपन्यांना खंडाने दिल्या. हेच ते 'खंडकरी'. बाहेरच्या माणसाला वाटतं खंडकरी म्हणजे खंडाने जमीन कसणारा. आपल्याकडे उलट आहे : खंडाने जमीन देणारा, म्हणजे मालक, तो खंडकरी.

आजच्या भाषेत सांगायचं तर या शेतकऱ्यांनी घरबसल्या उत्पन्नाची योजना घेतली होती. भाडेकरू उत्तम : कंपनी, पैसेवाली, भाडं बुडवणार नाही. करार लेखी, मुदत मोठी. आजचा कोणताही एजंट म्हणेल, याहून सुरक्षित काय असतं?

आणि मग काय झालं? खंड ठरला तो ठरलाच. महायुद्ध आलं, महागाई आली, उसाचे आणि साखरेचे भाव कुठल्या कुठे गेले, खंडकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम मात्र जुन्या कराराला बांधलेली. तरी जमीन आपली आहे, करार संपला की परत येईल, ही आशा होती. ती संपली २६ जानेवारी १९६२ रोजी, महाराष्ट्राचा जमीनधारणा कमाल मर्यादा कायदा लागू झाला तेव्हा. या कायद्यात 'जमीन धारण करणं' याचा अर्थ मालक म्हणून किंवा कूळ म्हणून प्रत्यक्ष ताब्यात असणं. म्हणजे कंपनीच्या ताब्यातली सगळी जमीन, तिची स्वतःची आणि खंडाने घेतलेली, कंपनीच्या खात्यात मोजली गेली. मर्यादेपेक्षा जास्त ठरलेली जमीन सरकारने घेतली आणि ती चालवायला १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ उभं केलं. मर्यादा ओलांडली कंपनीने, जमीन गेली दोन-चार एकरांच्या मालकाची.

पुढची पन्नास वर्षं खंडकऱ्यांनी मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे माधवराव गायकवाड यांनी हा लढा आयुष्यभर धरून ठेवला. अखेर २०१२ मध्ये जमीन परत द्यायला सुरुवात झाली. करारावर अंगठा उठवणारे तोवर बहुतेक सगळे गेलेले. वारसांची संख्या वाढलेली, कागद जीर्ण. आणि परत मिळाली तीही भोगवटादार वर्ग २ म्हणून. ती वर्ग १ करून घेण्यासाठी पुन्हा वेगळा पाठपुरावा. हरेगावच्या परिसरातल्या आकारीपड जमिनींचा प्रश्न याहून निराळा, त्याचा गुंता वेगळा लेख मागतो.

एक गोष्ट इथे बोलून टाकतो, नाहीतर ती कोणी बोलत नाही. खंडकऱ्यांच्या लढ्याला पुढारी मिळाले, विधानसभेत आवाज मिळाला. त्याच मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राबलेल्या मजुरांत आपली माणसं मोठ्या संख्येने होती. राहत्या घराखालची जागा नावावर करा, एवढी साधी मागणी घेऊन महामंडळाचे कामगार वर्षानुवर्षं फिरत राहिले. मालकाची जमीन अडकली त्याचा इतिहास झाला, मजुराचं घर अडकलं त्याचा अर्ज झाला.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. याच हरेगावला डिसेंबर १९३९ मध्ये वतनदारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिथे आले होते. वतनी जमिनीवर सरकारने वाढवलेल्या आकारणीविरुद्ध ती परिषद होती. आपल्याला ते भाषण आंदोलन म्हणून माहीत आहे. मी ते मालमत्तेच्या अंगाने वाचायला सांगतो. महार वतन ही नावाला मालमत्ता होती. तिच्या बदल्यात गावाची आणि सरकारची चोवीस तासांची चाकरी होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं, ते या चाकरीचा फास सोडवण्यासाठी. जमीन हवी, पण तिच्यासोबत आलेली गुलामी नको, हा त्यामागचा विचार होता.

ही वतनी जमीन अनेक ठिकाणी वतनदार स्वतः कसत नव्हताच. बैल नाही, बियाण्याला पैसा नाही, निम्मं वर्ष गावकीत, तरुण पोरं मुंबईच्या गिरणीत, रेल्वेत किंवा पलटणीत. मग जमीन वाट्याने किंवा खंडाने द्यायची. कोणाला? गावातल्याच बैलजोडीवाल्याला. आता हे चित्र नीट बघा. मालक महारवाड्यात राहतो आणि कूळ पाटलाच्या वाड्यात. वर्षाचा खंड मागायला मालकाने जायचं ते कुळाच्या ओट्याखाली, हात जोडून उभं राहायला. खंड दिला तर दिला, नाही दिला तर "पुढच्या सुगीला बघू". दावा करायचा म्हटलं तर तलाठ्यापासून साक्षीदारापर्यंत सगळे त्याचेच.

सगळ्या पुस्तकांत, सगळ्या कायद्यांत एक गृहीत धरलेलं असतं : मालक बलवान, भाडेकरू दुबळा. बहुतेक ठिकाणी ते खरंही आहे. पण आपल्या समाजाच्या वाट्याला मालकी आली ती दुबळ्या मालकाची. कागदावर नाव आपलं आणि जमिनीवर पाय दुसऱ्याचा. भाड्याच्या उत्पन्नातली सगळ्यात मोठी जोखीम माझ्या मते हीच आहे. भाडं थकणं, भिंत गळणं, घर रिकामं राहणं या सगळ्यावर इलाज असतो. तुमच्या मालमत्तेचा ताबा ज्याच्याकडे आहे तो तुमच्यापेक्षा समाजात ताकदवान असेल, तर कायदा कितीही चांगला असो, त्याचा अर्थ लावणारा तोच ठरतो.

कायदा चांगलाच होता. 'कसेल त्याची जमीन' ही आपली मागणी. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, १९३८ च्या जानेवारीत मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कूळ कायद्याने मालक झालं. कोकणातल्या खोताच्या कुळासाठी ती मुक्तीच होती. पण त्याच कायद्याने, नोकरीसाठी गाव सोडलेल्या आणि दोन एकर वाट्याने दिलेल्या माणसालाही 'जमीनमालक' या एकाच खान्यात टाकलं. विधवा, अज्ञान मुलं, अपंग आणि लष्करातले जवान यांच्यासाठी सवलत होती, पण ती मुदतीत मागायची होती. मुदत कोणाला कळते? ज्याच्या घरी नोटीस वाचणारा आहे त्याला.

वतनं रद्द करणारा कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायदा १९५८ चा, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. जमीन वतनदाराला पुन्हा द्यायची, पण ठरलेली रक्कम मुदतीत भरून, आणि नवीन व अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. आणि त्या तारखेला जमीन कायदेशीर खंडाने दिलेली असेल तर त्या खंडाला कूळकायदा लागू. वेठ गेली ही मोठीच गोष्ट झाली. पण जिथे ताबा आधीच दुसऱ्याचा होता तिथे जमीनही जाण्याची वाट मोकळी झाली. ज्यांची राहिली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या सातबाऱ्यावर आज आपलं नाव आणि शेतात दुसऱ्याचा ऊस असतो. नगर जिल्ह्यात फिरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, त्याच्या पिशवीत अशी एक तरी फाइल असते.

शहरातल्या घरमालकीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तिथे आपण बहुतेक काळ भाडेकरूच होतो आणि त्या कायद्यांनी आपल्याला तारलं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरू ठरलेलं भाडं भरत असेल, भरायला तयार असेल, तर ठरावीक कारणांशिवाय त्याला काढता येत नव्हतं. हे नसतं तर फाळणीनंतरच्या मुंबईत गिरणी कामगार चाळीत टिकला नसता. पण बांधलेलं भाडं दशकानुदशकं तिथेच राहिलं. मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती पडू लागल्या, १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ काढून उपकर लावावा लागला. मालकांनी पळवाट काढली : भाडेपट्टा नको, 'लिव्ह अँड लायसन्स' करू. तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना थेट भाडेकरूचा दर्जा दिला. एका तारखेने कागदाचा अर्थ बदलला. खंडकऱ्यांचं १९६२ आठवा. अखेर १९९७ च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ही गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. त्यानंतर १९९९ चा नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

भाडेकरूच्या संरक्षणाच्या बाजूने मी आजही उभा आहे. फक्त तुम्ही उद्या काउंटरच्या पलीकडे बसणार असाल, तर हे माहीत असू द्या की घराचं भाडं हा राजकारणाचा विषय असतो आणि सरकार त्यात हात घालतं. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं. बरोबरच होतं ते. पण ज्याच्या फ्लॅटचा हप्ता त्याच भाड्यावर चालला होता, त्याने काय केलं असेल?

त्याच हप्त्याचा हिशेब एकदा मांडू. समजा ४० लाखांचा फ्लॅट, १० लाख घरचे, ३० लाख कर्ज. साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता महिन्याला साधारण २६ हजार. भाडं समजा १० हजार आलं. राहिलेले १६ हजार भाडेकरू भरत नाही, तुम्ही भरता. वर्षाचं भाडं १ लाख २० हजार, म्हणजे ४० लाखांवर तीन टक्के, त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स, रंगरंगोटी आणि दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे महिने वजा. उरलेली सगळी भिस्त 'पुढे भाव वाढेल' यावर. वाढेलही. पण त्याला भाड्याचं उत्पन्न म्हणू नका, तो भावाचा जुगार आहे. आणि तो बहिणीच्या लग्नाच्या, भावाच्या शिक्षणाच्या पैशावर खेळला जातो. खानदानी बिल्डरचा एक फ्लॅट अडकला तर त्याला फरक पडत नाही. आपल्या घरात एकच फ्लॅट असतो.

आणि एक जोखीम आहे जी कोणत्याही हिशेबाच्या तक्त्यात येत नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, रोजचं दीड रुपया भाडं भरत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. कोलंबियात शिकून आलेला माणूस, खिशात भाड्याचे पैसे असलेला, रात्रीच्या गाडीची वाट बघत बागेत बसून राहिला. त्यानंतर शंभर वर्षांनीही हे संपलेलं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याचं घर शोधणाऱ्या सवर्ण, दलित आणि मुस्लिम अर्जदारांना मिळणारी वागणूक तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलितांना आणि मुस्लिमांना नकार किंवा जाचक अटी मिळाल्याचं दिसलं.

हा भाडेकरूचा अनुभव आपण सांगतो. आपल्या घरमालकाचा मात्र सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी नगरमध्ये दोन खोल्या भाड्याने द्यायला बांधल्या. जागा मोक्याची, पाणी चांगलं. लोक येत, खोली पसंत करत, मग दिवाणखान्यात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो बघून "घरी विचारून कळवतो" म्हणत. एजंटाने आडून सुचवलं, फोटो आतल्या खोलीत लावा. सरांनी लावला नाही. शेजारच्यापेक्षा भाडं दीड हजाराने कमी केलं, तेव्हा भाडेकरू आला. ते दीड हजार म्हणजे जातीची घरपट्टी. ती महापालिका वसूल करत नाही एवढंच.

कागदाबद्दल चार गोष्टी, त्या आपल्या पोरांकडून नेहमी राहतात म्हणून. १९९९ च्या कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच आधी खरं धरलं जातं, शिवाय मालकाला शिक्षेची तरतूद आहे. नोटरीचा स्टँपवरचा कागद म्हणजे नोंदणी नव्हे. मुदत संपल्यावर परवानाधारक हलत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वाट आहे, पण तीही नोंदणीकृत कराराच्या जोरावर. विकत घेताना सातबारा बघा. 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'नवीन शर्त' दिसलं तर थांबा. ती कदाचित आपल्याच एखाद्या वतनदाराची, परवानगीशिवाय फिरवलेली जमीन असेल. मग तुम्ही फसालच आणि त्याच्या लुटीत भागीदारही व्हाल. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, पुढे त्याची मुदतही वाढवली, पण प्लॉट आपोआप नियमित होत नाही.

'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये बाबासाहेबांनी शेतीत जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही राहू नयेत अशी मांडणी केली. त्याच बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं आणि ग्रंथांना घर दिलं. यात मला विसंगती दिसत नाही. स्वतःचं छप्पर असणं आणि दुसऱ्याच्या छपरावर पोसलं जाणं यांत फरक आहे. त्यामुळे भाड्याने द्यायला दुसरं घर घेण्याआधी, राहायचं पहिलं घर कर्जातून मोकळं करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेकांना ते आवडत नाही.

परवा त्याच निवृत्त सरांकडे गेलो होतो. एक खोली रिकामी झाली होती. पारधी समाजातला एक तरुण, पोलीस भरतीची तयारी करणारा, विचारून गेला होता. सर मला म्हणाले, "पोरगा चांगला आहे रे. पण समोरच्या खोलीतला भाडेकरू म्हणतो, त्याला ठेवलं तर आम्ही जाऊ. मग माझं दोन्हीकडचं भाडं जाईल." मी फक्त भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. सर म्हणाले, "बघतोय कुठं? मला बडोदं माहीत नाही का?" चहा झाला. खोली अजून रिकामीच आहे.